पाण्याने नेलेली माणसे : आयर्लंडच्या शालेय वह्यांचे एक वाचन

लोकसाहित्याचा संग्राहक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एखादा विद्वान उभा राहतो. खांद्याला पिशवी, हाती टिपणवही आणि समोर गोष्ट सांगणारी एखादी वृद्धा. आयर्लंडमध्ये १९३७ साली ही वही शाळकरी मुलांच्या हाती देण्यात आली. त्या वर्षी सुरू झालेल्या आणि १९३९ च्या आरंभापर्यंत चाललेल्या एका उपक्रमात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील सुमारे ५०,००० मुलामुलींनी आपल्या आजीआजोबांकडून, आईवडिलांकडून आणि शेजाऱ्यांकडून ऐकलेले लिहून काढले. या संग्रहातील एकाच प्रकारच्या मजकुराचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तो प्रकार म्हणजे बुडून मेलेल्या माणसांच्या हकिकती. या हकिकतींना वाङ्मय म्हणावे काय, आणि मृत्यूविषयी त्या जे सांगतात त्यावर कितपत विसंबावे, हे दोन प्रश्न आपल्यापुढे आहेत.

प्रथम उपक्रमाची थोडी ओळख करून घेऊ. १९३५ साली स्थापन झालेल्या आयरिश लोकविद्या आयोगाचे संचालक शेमस ओ डुलारगा आणि दप्तराधिकारी शॉन ओ सूलवॉन हे या कल्पनेचे मुख्य शिल्पकार होत. शिक्षण खात्याने त्यांना साथ दिली आणि वरच्या इयत्तांतील ११ ते १४ वर्षे वयाच्या मुलांच्या साप्ताहिक निबंधाचा तास या कामासाठी मोकळा केला. शिक्षकांना एक मार्गदर्शक पुस्तिका देण्यात आली. पवित्र झरे, गावची जत्रा, लोहाराची भट्टी, दुष्काळाचे दिवस, घरगुती औषधे, गुप्तधन असे पंचावन्न विषय तीत होते. ‘स्थानिक घटना’ हा त्यांपैकी एक. वादळे, आगी, अपघात यांच्याबरोबर बुडण्याच्या हकिकती याच मथळ्याखाली येतात. ज्या देशाला चहूबाजूंनी समुद्र आणि पोटात शेकडो सरोवरे, तेथे या मथळ्याखाली पाण्याचा उल्लेख वारंवार यावा यात नवल नाही. उपक्रम संपला तेव्हा २६ परगण्यांतून सुमारे ७,४०,००० पृष्ठे जमली होती. त्यांपैकी सुमारे २,८८,००० पृष्ठे मुलांच्या मूळ वह्यांतील आहेत. बाकीची शिक्षकांच्या देखरेखीखाली निवडून मोठ्या वह्यांत उतरवलेली आहेत. बराच मजकूर इंग्रजीत आहे आणि आयरिश भाषा जेथे घरात बोलली जात होती तेथून आलेला आयरिशमध्ये आहे.

या हकिकतींचा बांधा साधा असतो. अमुक वर्षांपूर्वी, अमुक वाडीतला, अमुक नावाचा माणूस जत्रेहून परत येत होता, मासे मारायला गेला होता किंवा शेवाळ गोळा करीत होता. तो कोठे बुडाला, कोणी शोधले, देह कधी सापडला, कोठे पुरला. त्याखाली हकिकत सांगणाऱ्याचे नाव, वय आणि गाव. बऱ्याचदा एवढ्यावरच मजकूर संपतो. वर्णनाची हौस नाही, समुद्राला उपमा नाहीत, शोकाचे शब्द फार थोडे. साहित्याचा अभ्यासक असे पान वाचून निराश होण्याचा संभव आहे. परंतु हा कोरडेपणा मुलांच्या अपुऱ्या शब्दसंपत्तीतून आलेला आहे असे मानणे चुकीचे ठरेल. ज्याच्याविषयी आजोबा सांगत होते त्याचे घर पलीकडच्या शेताच्या बांधाशी होते आणि त्याची भावंडे रविवारी त्याच देवळात मिस्साला बसत होती. अशा श्रोत्यांसमोर निवेदकाला भर घालण्याची मोकळीक नसते. नाव चुकले तर दुरुस्त करणारे अनेक असतात. मृताचे नाव घेताच देव त्याच्या आत्म्यावर दया करो असे म्हणण्याची रीत आयरिश बोलण्यात इतकी मुरलेली आहे की तेथे नाव उच्चारणे हीच अर्धी प्रार्थना होते. या हकिकतींतील नावांची यादी म्हणूनच माहितीपेक्षा मोठे काम करते.

मात्र या कोरड्या तपशिलाला चिकटून आणखी एक थर येतो, आणि तो सर्वस्वी निराळ्या जातीचा असतो. तो थर समजुतींचा. समुद्राला त्याचा वाटा द्यावाच लागतो, म्हणून बुडणाऱ्याला ओढून काढणारा स्वतः समुद्राचा देणेकरी होतो, अशी एक समजूत. नदी आपल्या बळीची वाट पाहते आणि घटका भरली तरी माणूस अजून आला नाही असे पाण्यातून ऐकू येते, अशी दुसरी. ही दुसरी कथा एखाद्या आयरिश उतारावरच घडली असे सांगणाऱ्याला प्रामाणिकपणे वाटत असते. पण नॉर्वेजियन अभ्यासक रायडर क्रिस्टियनसेन यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या फिरत्या दंतकथांच्या सूचीत तिला स्वतंत्र क्रमांक आहे आणि उत्तर युरोपभर ती अनेक नद्यांच्या काठी सांगितली गेली आहे. येथे समीक्षकाला एक उपयुक्त कसोटी मिळते. दंतकथा प्रवास करते आणि नाव जागेवर राहते. जो भाग कोणत्याही नदीला लावता येतो तो परंपरेचा. जो भाग एकाच वाडीला, एकाच होडीला, एकाच कुटुंबाला लागू पडतो तो त्या घटनेचा.

तिसरी एक रीत मात्र हृदयाला भिडणारी आहे. देह सापडत नसे तेव्हा गवताच्या पेंढीवर आशीर्वादित मेणबत्ती पेटवून ती पाण्यावर सोडीत. पेंढी तरंगत जाऊन जेथे थांबे, तेथे खाली देह असणार असे मानीत. हिच्यात अंधश्रद्धेचा अंश आहे हे कोणी नाकारणार नाही. पण ती कोणत्या गरजेतून आली ते पाहिले पाहिजे. देहाशिवाय जागर नाही, अंत्यविधी नाही, पवित्र भूमीतील कबर नाही. ज्या आईला कबरीपाशी गुडघे टेकता येत नाहीत तिचा शोक संपण्याला जागाच उरत नाही. ती मेणबत्ती पाण्याला बळी देत नाही. पाण्याकडून आपला माणूस परत मागते. समुद्राचा वाटा मानणारी समजूत आणि ही रीत एकाच लोकांची असली तरी त्यांची दिशा परस्परविरुद्ध आहे.

तपशील आणि समजूत यांचा संबंध नीट पाहायचा असेल तर दोन सुप्रसिद्ध दुर्घटना समोर ठेवाव्या लागतील. पहिली ४ सप्टेंबर १८२८ ची. गॉलवे परगण्यातील अ‍ॅनाडाउन येथून सुमारे ३१ माणसे कॉरिब सरोवरातून होडीने गॉलवेच्या जत्रेला निघाली. बरोबर दहाएक मेंढ्या होत्या. होडी जुनी आणि कुजलेली होती. शहर जवळ आले असता एका मेंढीचा पाय तळाच्या फळीतून आरपार गेला. पाणी थांबवण्यासाठी एकाने आपला जाड कोट भोकात कोंबून त्यावर पाय हाणला, आणि फळीच निखळली. १९ माणसे बुडाली. बाकीच्यांना दुसऱ्या होडीने वाचवले. हा तपशील त्याच आठवड्यातील गॉलवेच्या वर्तमानपत्रामुळे आपल्याला माहीत आहे.

या घटनेवर राफ्टरी या अंध, भटक्या कवीने आयरिश भाषेत विलापगीत रचले. ते लिहिलेले नव्हते, तोंडी फिरत होते. आयरिश भाषेच्या चळवळीचे धुरीण डग्लस हाइड यांनी राफ्टरीची गीते गोळा करून १९०३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली तेव्हा हे गीतही छापले गेले. हेच हाइड पुढे १९३८ साली आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, म्हणजे मुले वह्या भरत होती त्याच काळात. राफ्टरीचे गीत थोर आहे यात शंका नाही. तो मृतांची नावे घेतो, त्यांच्या तारुण्याची आठवण काढतो आणि ज्या जागी ते बुडाले त्या जागेला शाप देतो. मात्र येथे एक गोष्ट खटकते. शाप जागेला लागतो, कुजलेल्या फळीला नाही. एवढी माणसे आणि जनावरे त्या होडीत भरली का गेली, हा प्रश्न गीताच्या कक्षेत येत नाही. विलापगीताने तो विचारावा अशी अपेक्षा करणे कवीवर अन्याय होईल. परंतु गीतच तेवढे उरले असते तर आपण तो प्रश्न विसरलो असतो. मेंढीचा पाय, कोट, निखळलेली फळी या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींनी तो जिवंत ठेवला आहे.

दुसरी घटना अ‍ॅकिल बेटाची. मेयो परगण्यातील हे बेट दरिद्री होते आणि दर उन्हाळ्यात तेथील तरुण मुलेमुली शेतमजुरीसाठी स्कॉटलंडला जात. १४ जून १८९४ रोजी असेच शंभराहून अधिक जण एका शिडाच्या गलबतातून क्लू उपसागरामार्गे वेस्टपोर्टकडे निघाले. तेथे आगबोट त्यांची वाट पाहत होती. ती दिसताच सर्वजण कुतूहलाने एका बाजूला गोळा झाले. गलबत उलटले आणि कित्येक जण शिडाखाली सापडले. ३२ जण मेले, त्यांत बहुतेक तरुण. त्या वेळी वेस्टपोर्ट ते अ‍ॅकिल रेल्वेमार्ग पुरा होत आला होता, पण रीतसर सुरू झालेला नव्हता. या मार्गावरून अ‍ॅकिलकडे गेलेल्या पहिल्या गाडीने मृतदेह घरी नेले.

आता ब्रायन रुआ नावाच्या सतराव्या शतकातील द्रष्ट्याचे एक भाकीत सांगितले जाते. लोखंडी चाकांच्या, धूर आणि अग्नी ओकणाऱ्या गाड्या अ‍ॅकिलला येतील आणि त्यांची पहिली व शेवटची खेप प्रेते वाहील, असे ते भाकीत. १८९४ साली पहिली खेप झाली. सप्टेंबर १९३७ मध्ये स्कॉटलंडमधील कर्किन्टिलॉख येथे बटाटे काढण्याच्या कामावर गेलेले अ‍ॅकिलचे दहा तरुण, रात्री झोपले असता मजुरांच्या निवाऱ्याला आग लागून मरण पावले. त्यांतील सर्वांत धाकटा १३ वर्षांचा होता. त्यांचे देह त्याच मार्गाने घरी आले आणि त्या महिनाअखेरीस मार्ग कायमचा बंद झाला. भाकीत पुरे झाले असे लोक म्हणाले.

वाचकांनी तारखांकडे लक्ष द्यावे. शालेय संग्रहाचा आरंभ याच सुमाराचा. गावोगावी ज्या वयाची मुले आजीआजोबांसमोर वही उघडून बसणार होती, त्याच वयाचा एक मुलगा मजुरीला जाऊन मेला होता. लोककथा दूरच्या भूतकाळात तयार होतात आणि आपल्यापर्यंत पोहोचतात, असा आपला समज असतो. येथे एक आख्यायिका ऐन उपक्रमाच्या तोंडावर आपला शेवटचा सांधा जुळवून पूर्णत्वाला गेली.

भाकिताची ही कथा रचनेच्या दृष्टीने अत्यंत देखणी आहे. आरंभ आणि अंत एकमेकांना भेटतात, त्रेचाळीस वर्षांचे अंतर एका सूत्रात येते आणि शोकाला आकार मिळतो. समीक्षकाने येथेच सावध व्हावे. हा आकार सांत्वन देतो, पण त्याची किंमत घेतो. जे शतकांपूर्वी ठरलेले होते त्याला कोणी जबाबदार राहत नाही. एका गलबतात शंभर जण का कोंबले गेले, तेरा वर्षांच्या मुलाला परदेशी मजुरीला का जावे लागले, मजुरांना निजायला सुरक्षित छप्पर का नव्हते, या प्रश्नांवर भाकिताचा पडदा पडतो. डब्लिनच्या सरकारने १९३७-३८ मध्ये या हंगामी स्थलांतराची चौकशी करण्यासाठी समिती नेमली होती. समितीचा अहवाल आणि द्रष्ट्याचे भाकीत एकाच दुःखातून निघाले. पहिल्याने कारण शोधले, दुसऱ्याने अर्थ. आज भाकीत सर्वांना ठाऊक आहे आणि अहवाल अभ्यासकांपुरता उरला आहे. यात लोकांचा दोष नाही, पण यावरून कथेचे सामर्थ्य किती आणि धोका किती हे दोन्ही कळते.

जॉन सिंग यांच्या ‘रायडर्स टू द सी’ या १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या एकांकिकेशी तुलना केली तर मुद्दा अधिक स्पष्ट होईल. अ‍ॅरन बेटांवर काही उन्हाळे काढून सिंग यांनी ती लिहिली. समुद्राने घरातले सर्व पुरुष नेलेली एक आई तीत आहे. बुडालेल्या मुलाची ओळख बहिणीला पटते ती त्याच्या मोज्याच्या विणीतील सुटलेल्या टाक्यांवरून. हा तपशील शालेय वह्यांच्या जातीचा आहे. त्यात हाताने केलेल्या कामाची साक्ष आहे. पण एकांकिका पुढे समुद्राला ग्रीक शोकांतिकेतील नियतीच्या आसनावर बसवते. देव तिला एकही मुलगा न ठेवता निराधार करणार नाही हे तरुण धर्मगुरूचे आश्वासन फोल ठरते आणि शेवटी आईजवळ उरते ती केवळ थकलेली शांती. कलाकृती म्हणून ती श्रेष्ठ आहे. मात्र वह्यांतला समुद्र नियती नाही. तो नावाच्या खडकांचा, ठरावीक भरतीओहोटीचा, ज्यावर उद्या पुन्हा पोटासाठी जायचे आहे असा समुद्र आहे. सिंग यांच्या नाटकात एक आई सर्व आयांसाठी रडते. वह्यांत प्रत्येक मृताला त्याचे स्वतःचे नाव मिळते.

या संग्रहाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मुलाच्या कानावर पडलेले शब्द कागदावर येईपर्यंत तीन हातांतून जातात : सांगणाऱ्याच्या, मुलाच्या आणि शिक्षकाच्या. शुद्धलेखन सुधारताना बोलीचा स्वाद जातो, आणि मोठ्या वहीत काय घ्यावे हे ठरवताना मनाला न पटणारे गळते. शिवाय वडीलधारी माणसे मुलांना सर्वच सांगत नाहीत. २८ ऑक्टोबर १९२७ च्या रात्री अकस्मात उठलेल्या वादळात पश्चिम किनाऱ्यावर ४५ कोळी बुडाले. क्लेगनची दुर्घटना म्हणून ती ओळखली जाते. इनिशकी बेटांवरचे दहा तरुण त्यात गेले आणि पुढील काही वर्षांत ती बेटे ओस पडली. १९३७ साली वह्या घेऊन बसलेली मुले त्या रात्री अगदी लहान होती. इतक्या ताज्या जखमेविषयी बापाचे नाव गमावलेल्या मुलासमोर कोण किती बोलणार? जुन्या मृत्यूंना दंतकथा सापडते, नव्या मृत्यूंना बहुधा मौन. संग्रह वाचताना हे न लिहिलेलेही वाचावे लागते.

श्रद्धेच्या दृष्टीने शेवटचा प्रश्न उरतो. या कथांतील दैव आणि ख्रिस्ती माणसाचा देवाच्या योजनेवरील विश्वास एकच काय? आयरिश लोक श्रद्धाळू कॅथलिक होते आणि त्याच तोंडाने समुद्राच्या वाट्याविषयीही बोलत. दोन्ही शेजारी नांदत होती, म्हणून ती एक होत नाहीत. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे इतरांपेक्षा अधिक दोषी होती काय, असे विचारून प्रभू येशू स्वतःच नाही म्हणतो. त्या अपघाताचे गूढ कारण तो देत नाही, मेलेल्यांवर ठपका ठेवीत नाही, ऐकणाऱ्यांना मात्र आपल्या जगण्याकडे वळायला सांगतो. या वचनाच्या प्रकाशात वाचले तर शालेय वह्यांतील निराभरण हकिकत भाकितापेक्षा सुवार्तेच्या अधिक जवळची वाटते. ती मृत्यूचे कोडे सोडवण्याचा आव आणत नाही. कोण गेले, कसे गेले, कोणी शोधले आणि कोठे ठेवले एवढे सांगते. ज्यांना पुन्हा तशाच होडीत बसायचे आहे त्यांना त्यातून फळी तपासण्याचे भान येऊ शकते.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी द्यावे लागते. हे वाङ्मय आहे, आणि त्याचे मोल त्याच्या संयमात आहे. भाकिते आणि शाप गाळून टाकावेत असे कोणी म्हणू नये, कारण असह्य दुःख माणसे कशी सोसतात हे त्यांतूनच समजते. परंतु वाचताना दोन्ही थर वेगळे ओळखण्याची शिस्त हवी. २०१७ साली आयोगाच्या संग्रहाचा युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत समावेश झाला, आणि मुलांच्या वह्या आता डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील राष्ट्रीय लोकविद्या संग्रहात असून त्यांची पाने संगणकावर कोणालाही पाहता येतात. त्या मुलांच्या वळणदार अक्षरात, समासाच्या आत नीट बसवलेली, एरवी जगाला कधीच न कळलेली नावे आहेत. एखाद्या नोव्हेंबरात, मृतांचे स्मरण करण्याच्या दिवसांत, त्यांतील एखादे पान आपणही सावकाश वाचून पाहावे.